कापसावरच्या सहा पिशव्या

शिरूर आन् दौंड, ह्या दोन तालुक्यांत मिळून आळिंबी पिकवनारा सगळ्यात जुना मानूस मी हाय. माझ्याआधी एक जन व्हता, पन त्यो शहाना निघाला आन् दुसऱ्याच वर्षी त्यानं शेडात कोंबड्या घातल्या.

शिक्षन चौथी. चौथीला दोनदा बसलो, म्हंजी तसं धरलं तर पाच इयत्ता झाल्या. ह्ये बी मी लिवलेलं न्हाई. मी बोललो आन् सूनबाईनं लिवून घेतलं. मधी मधी ती हसत व्हती. ती माझ्या बोलन्याला हसली का माझ्या आयुष्याला, ते मी इचारलं न्हाई.

आमी मूळचे मेंढरंवाले. बाप आठ-आठ महिने मेंढरांमागं हिंडायचा. माझ्या वाट्याला कळप आला तवा आमच्या कवठ्याच्या शिवारात चरायला बांधसुद्धा राहिले न्हवते, जिकडं बगावं तिकडं कांदा. मग मेंढरं इकली आन् कोरेगाव भीमाला एका कंपनीत हेल्पर लागलो. तिथं कँटीनला बिहारचा एक आचारी व्हता. त्यानं एकदा भाजी वाढली, मी म्हनलं मटन झकास झालंय. त्यो म्हनला, "भैया, ये मटन नहीं, मशरूम है, पुआल पे उगता है." भुसकटावर मटन उगवतंय म्हनल्यावर मला कामच सुचंना. तसं आधी बी सुचत न्हवतं. कंपनीनं ते लिहूनच दिलं आन् मी घरी आलो.

तर धंदा असा. गव्हाचं नाहीतर सोयाबीनचं भुसकट भिजवायचं, गरम पान्यात उकळायचं, निथळायचं. हातात दाबलं तर ओल लागली पायजे पन थेंब पडाय नको. मग प्लास्टिकच्या पिशवीत एक थर भुसकटाचा, एक थर बियान्याचा, असं दाबत भरायचं. बियानं म्हंजी बुरशी चढवलेले गव्हाचे दाने. पिशवीला भोकं पाडायची आन् अंधाऱ्या खोलीत ठिवून द्यायची. पंधरा-वीस दिवसांत आतलं भुसकट पांढरंफेक होतं, जसं काय कापूस पिंजून भरलाय. मग पिशवी फाडून टांगायची, दिवसातनं दोन-तीनदा पंपानं पानी फवारायचं. बारक्या कळ्या निघत्यात आन् तीन-चार दिवसांत शिंपल्यासारख्या फुलत्यात. ती धिंगरी. हिरवी बुरशी लागली तर पिशवी बाहेर, माशी लागली तर पिशवी बाहेर, आन् उन्हाळ्यात शेड तापलं तर धनी बाहेर.

एक ध्यानात ठिवा. आळिंबी म्हंजी झाड न्हवं. तिला पान न्हाई, हिरवा रंग न्हाई. ती उन्हातनं सोताचं अन्न करत न्हाई, ज्याच्यावर बसवली त्ये कुजवती आन् त्यातनंच खाती. ह्ये मला पैल्या दिवसापासनं ठावं व्हतं. ठावं असून मानसानं काय केलं, त्येच पुढं सांगतोय.

ही सगळी कामं आमच्या शेडात सुमन करती. सुमन म्हंजी आमची मंडळी, माहेर खुटबाव. मी काय करतो? मी इकतो आन् बोलतो. इकायला शिरूर, दौंड, कोरेगावच्या कंपन्यांची कँटीनं. बोलायला कुटं बी चालतं.

पैल्या वर्षी लोकं लांबनं बगायची. एका बाईनं इचारलं, उपासाला चालंल का? मी म्हनलं चालंल. तिच्या सासूनं इचारलं, ह्ये मटनात धरायचं का भाजीत? मी म्हनलं तुमाला जे सोसंल त्यात धरा. असं गिऱ्हाईक टिकवत टिकवत चाललो व्हतो. मग पाकीट छापायचं ठरलं. छापखानेवाल्यानं मोबाईल काढला, आळिंबी टाकलं, आन् जे जे वर आलं ते ते पाकिटावर घातलं. प्रथिनं, इटामिन, फायबर. खाली जागा उरली, तिथं मोठ्या अक्षरात, 'भरपूर फ्लेवोनॉइडयुक्त'. मला वाचायला दोन दिवस लागले. पन दिसायला दनकट व्हतं. मी म्हनलं राहू द्या.

कवठ्यात एक रिटायर गुरुजी हायत, सगळे त्यांना आप्पा म्हनत्यात. त्यांनी पाकीट नाकाजवळ धरून वाचलं आन् इचारलं, "फ्लेवोनॉइड म्हंजी काय रं?"

मी म्हनलं, "इटामिनचा थोरला भाऊ, आप्पा. अंगात चपळाई येती, डोकं चालतं."

आप्पांनी मला वरनं खाली बगितलं. "तू तर रोज खातोस," म्हनले, आन् पाकीट ठिवून गेले.

त्याच पाकिटामुळं प्रज्ञा आमच्याकडं आली.

प्रज्ञा दौंडची. वडील रेल्वेतनं रिटायर झालेले. पोरगी पुन्याला आळिंबीवर डॉक्टरकी करत व्हती. सुई टोचायची न्हवं, पुस्तक लिवायची डॉक्टरकी. घरान्यात एवढं शिकलेलं तीच पैली. दौंडच्या बाजारात तिनं माझं पाकीट बगितलं, त्याच्यावरचा पत्ता शोधत स्कूटीवर कवठ्यापातूर आली आन् पाकीट पुढं धरून म्हनली, "मामा, हे फ्लेवोनॉइडचं तुम्ही तपासून घेतलंय का?"

मी म्हनलं, "तपासायचं काय त्यात, छापलंय की."

ती हसली न्हाई. सुमनला म्हनली, "मामी, पाणी देता का?" मग ओट्यावर बसून तिनं दोघांना समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. फ्लेवोनॉइड ही झाडांची करामत. कांद्याच्या वरच्या सालीचा पिवळा-तांबूस रंग घ्या, त्यात ते बक्कळ. चहा तुरट लागतो त्यात बी त्याच जातीची मंडळी. ऊन सोसायला, किडीला पळवायला झाड ते आपलं आपन तयार करतं. आता कैक पुस्तकांत लिवलंय की आळिंबीत बी ते हाय. पन दुसरे म्हनत्यात, कसं असंल? झाडाकडं ते बनवायची हत्यारं ओळीनं मांडलेली असत्यात, आन् आळिंबीकडं त्यातलं पैलंच हत्यार सापडत न्हाई. ज्यांना सापडलं त्यांनी औषध टाकून पिवळा रंग आला का एवढंच बगितलं, आन् पिवळं काय, दुसऱ्या कशानं बी होतं. मग खरं काय? आळिंबी ते कुठल्या आडवाटेनं सोता बनवती? का भुसकटातलं उचलती? का तिच्यात ते नसतंच?

ह्यावर पोरीची तीन वर्षं गेली व्हती. काचेच्या बरनीत करून झालं व्हतं, पन पक्कं काय ठरलं न्हवतं. तिचे सर म्हनले, लोक जसं शेडात पिकवतात तसं बी करून दाखव, मग पुस्तक पुरं होईल. शेडं लोकांची शंभर असतील, तिला माझं सापडलं. नशीब एकेकाचं.

मग तिनं बारा पिशव्या मांडल्या. सहा गव्हाच्या भुसकटावर, नेहमीसारख्या. सहा कापसावर. कापूस तरी कसला, धुऊन धुऊन त्याचा जीव काढलेला. त्यात फ्लेवोनॉइडचा कन बी न्हाई. वर साखर-मीठ मोजून घातलेलं, आळिंबी मरू नये एवढ्यापुरतं. आता ह्या कापसावरच्या आळिंबीत फ्लेवोनॉइड निघालं, तर ते तिनं सोताच बनवलं, दुसरी वाटच न्हाई. आन् न्हाई निघालं, तर बनवता येत न्हाई. एवढा सरळ हिशेब. भिंतीला तिनं कागद लावला, 'फक्त साधं पाणी. दुसरं काहीही नाही.' त्यो कागद मला वाचता येत न्हवता असं कुणी म्हनू नका. चौथी दोनदा केलीय. मी त्यो रोज वाचत व्हतो.

भुसकटावरच्या सहा पिशव्या फुलल्या, घोसच्या घोस. कापसावरच्यांनी लाज आनली. बारीक काड्या, वर टिकलीएवढी टोपी, रंग आजारी मानसाचा. पानी मारायचं तेवढं काम माझ्याकडं व्हतं; रोज पंप घेऊन शेडात गेलो की त्या सहा जनी माझ्याकडं बगायच्या.

आता मेंढरंवाल्याची एक खोड सांगतो. कळपात एखादं कोकरू मरतुकडं निघालं, त्याच्या आईला दूध नसलं, तर आमचा बाप दुसरी दुधाळ मेंढी गुडघ्यात धरायचा आन् त्याला तिच्याखाली लावायचा. मेंढी लाथा मारायची, बाप सोडायचा न्हाई. म्हनायचा, कळपात एक उपाशी आन् बाकीचे पोटभर, असं बगून मला भाकर ग्वाड लागत न्हाई. मी त्याच्या हाताखाली वाढलो. माझ्याच शेडात सहा पोटभर आन् सहा उपाशी, आन् मी साधं पानी मारत उभा?

त्यात प्रज्ञानंच सांगून ठिवलं व्हतं की कांद्याच्या सालीत ते बक्कळ असतं. आन् कवठ्यात कांद्याच्या चाळीखाली सालींचे ढीग पडल्याले असत्यात, कुत्रं बी इचारत न्हाई. मी पोतंभर आनलं. धंद्यातलं कळतं मला, कच्चं पानी मारलं तर बुरशी लागंल म्हनून साली चांगल्या उकळल्या, फडक्यानं गाळल्या, थंड केल्या आन् ते तांबूस पानी पंपात भरून कापसावरच्या सहाही पिशव्यांना पाजलं. त्या दिवसापासनं काढनीपातूर, रोज. भुसकटावरच्यांना न्हाई दिलं. त्यांचं पोट भरलेलं व्हतं.

मला वाटत व्हतं मी पोरीची लाज राखतोय. सहा पिशव्या नापास झाल्या तर तिचे सर तिला बोलतील, असा माझा हिशेब. नापास झाल्या तरी तिचं काम पुरं होनार व्हतं, ह्ये माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. नापास म्हंजी नापास, दोनदा अनुभव हाय.

सुमननं तेवढं इचारलं, पातेलं तांबडं कशानं झालं. मी म्हनलं लोकर रंगवून बगतोय. घरात पंधरा वर्षं मेंढी न्हाई.

प्रज्ञा आली, बर्फाच्या डब्यात बारा पुड्या भरून घेऊन गेली. कापसावरच्या टोप्यांवर पिवळसर झाक बगून थांबली व्हती. तिनं ते वहीत बी लिवलं. मी म्हनलं आमच्याकडची हवाच तशी.

तीन आठवड्यांनी तिचा फोन. "मामा, कापसावरच्यांत सापडलं. भुसकटावरच्यांत नावालाच आहे, आणि कापसावरच्यांत भरपूर. नुसता रंग बघितला नाही, मोठ्या मशीनवर वेगळं काढून बघितलं."

मी कवठ्याच्या चौकात चहा पाजला. आप्पांना मुद्दाम गाठून सांगितलं की आता पुन्याच्या मशीननं सही केलीय, पाकिटावरचं खरं हाय. आप्पा म्हनले, मशीन बिघडलं असंल.

दोन दिवसांनी प्रज्ञा पेढे घेऊन आली. ओट्यावर बसली, सुमनच्या हातावर पेढा ठिवला आन् सांगायला लागली. पुन्यात मोठ्या सभेत हे वाचून दाखवायचं ठरलंय. बाहेरची मोठी लोकं येनार. आळिंबी सोता फ्लेवोनॉइड बनवती, असं कुणी एवढं पक्कं दाखवलं न्हाई. सर म्हनत्यात, आता ते हत्यार शोधायला सगळे धावतील. "कारण कापसात काहीच नव्हतं ना, मामी," ती म्हनली. "बाहेरून आलं असं कुणी म्हणूच शकत नाही."

सुमननं पेढा तोंडात घालता घालता माझ्याकडं बगितलं. तिच्या डोळ्यापुढं पातेलं आलं असनार. माझ्या बी आलं. पोरगी जे शिखर म्हनून चढत व्हती, ते माझ्या कांद्याच्या सालींचा ढीग व्हता.

तवाच बोलायला पायजे व्हतं. न्हाई बोललो. पेढा खाल्ला. हिथं इनोद करता येईल, पन करत न्हाई. ती स्कूटीवर बसून गेली आन् मी हात हलवला.

नंतर आठ दिवस मी सोताला समजावलं. कुनाला कळतंय? पानी काय बोलतंय का? पन सुमननं एक दिवस ते पातेलं आनलं आन् माझ्यापुढं आदळलं. म्हनली, उद्या दुसऱ्या कुणी कापसावर पिकवून बगितलं आन् काय बी निघालं न्हाई, तर खोटी कोन ठरंल? तुमी? तुमचं नाव तर कुटंच न्हाई. ती पोरगी खोटी ठरंल. आन् तिच्यासारख्या पोरीला एकदा कुणी खोटं म्हनलं तर लोकं दुसऱ्यांदा ऐकून घेत्यात का?

त्याच दिवशी दौंडला गेलो. वडिलांनी दार उघडलं, बसा म्हनले, पानी दिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर सभेच्या कार्डांचा गठ्ठा. वडील म्हनले, आमच्या वस्तीतनं एक गाडी भरून चाललोय ऐकायला, तुमाला बी जागा ठिवलीय. मी गिलास तसाच खाली ठिवला.

प्रज्ञा आली. मी सगळं सांगितलं. कोकराचं बी सांगितलं. मला वाटलं रडंल, न्हाईतर वरडंल. तिनं वही काढली.

"कोणत्या दिवसापासून?"

मी सांगितलं.

"साली किती, पाणी किती? किती वेळ उकळलं?"

सांगितलं.

"सहाही पिशव्यांना? भुसकटावरच्या एकीलाही नाही?"

"एकीला बी न्हाई. तेवढं इमान राखलं."

तिनं वही मिटली. टेबलावरचं एक कार्ड उचललं, परत गठ्ठ्यावर ठिवलं. मग म्हनली, "मामा, मला फोन करून विचारायचं होतं हो. एक फोन."

वडील उठले, कार्डांचा गठ्ठा उचलून कपाटात ठिवला आन् मला म्हनले, "चहा घेऊन जा." त्यो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठावं.

तिनं सरांना कळवलं. सभेतनं नाव काढलं. सर लई बोलले म्हनं. मी म्हनलं सरांना माझ्याकडं पाठव, मी बोलून घेतो. ती म्हनली, तुम्ही बोलू नका.

दहा दिवसांनी स्कूटी परत दारात. ह्या बारीला अठरा पिशव्या. सहा भुसकटावर, सहा कापसावर साधं पानी, आन् सहा कापसावर कांद्याच्या सालींचं पानी. माझीच चूक तिनं मोजूनमापून, नंबर टाकून परत मांडली. वहीतनं माझं प्रमान काढलं, तेवढ्याच साली, तेवढंच पानी, तेवढाच वेळ. मला वाटलं आता तरी पंप माझ्या हातात येईल, पाककृती माझी हाय. तिनं शेडाला नवं कुलूप लावलं आन् किल्ली सुमनला दिली. आळिंबी पिकवनारा दोन तालुक्यांतला सगळ्यात जुना मानूस दीड महिना सोताच्या शेडाबाहेर उभा. गिऱ्हाईक इचारायचं, आज धिंगरी न्हाई का? मी म्हनायचो, मालकिनीला इचारून सांगतो.

फटीतनं बगायचो. मधल्या सहा जनी तशाच मरतुकड्या. जीव तुटायचा. सुमन आतनं म्हनायची, फटीतनं तोंड काढा, वाफ बाहेर जाती.

निकाल आला. साध्या पान्यावरच्या कापसात काय बी न्हाई. सालीच्या पान्यावरच्यांत भरपूर, वरनं धुऊन बगितल्या तरी आत थोडं राहिलेलं. भुसकटावरच्यांत नावाला. म्हंजी आमच्या शेडातली ही धिंगरी तरी सोता ते बनवत न्हाई, शेजाऱ्याचं अंगाला लावून घेती. बाकीच्या जातींचं प्रज्ञा बोलत न्हाई. ती म्हनती, जेवढं बघितलं तेवढंच लिहायचं. छापखानेवाल्याला हे शिकवलं पायजे. पाकिटावरची ती ओळ मी काढायला लावली. त्यो म्हनला, मग त्या जागी काय घालू? मी म्हनलं, 'ताजी' घाल. तेवढं मला तपासता येतं.

पुस्तक पुरं झालं, प्रज्ञा डॉक्टर झाली. गेल्या महिन्यात पुस्तक घेऊन आली. जाडजूड, काळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. पैल्या पानांत आभार असत्यात. मी चष्मा लावून माझं नाव शोधाय लागलो. आईवडील व्हते, सर व्हते, मग 'कवठे येमाई येथील सुमनमामी, ज्यांनी नियम काटेकोर पाळले'. मी पान उलटलं, मागं बगितलं, परत पुढं आलो.

"मी कुटं हाय?"

प्रज्ञानं मधलं एक पान काढलं आन् बोट ठिवलं. तिथं लिवलं व्हतं की पैल्या खेपेचे निकाल बाद केले, कारन एका व्यक्तीनं पिशव्यांना परस्पर सालींचं पानी दिलं; त्यावरनंच दुसरी मांडनी सुचली. नाव न्हाई. एका व्यक्तीनं.

मी म्हनलं, "म्हंजी मी न्हवतो तर हे पुस्तक झालंच नसतं."

प्रज्ञा हसली. पैल्यांदा. सुमन भुसकट निथळत व्हती. तिनं प्रज्ञाला इचारलं की शेवटाला निघालं काय, एका वाक्यात सांग. प्रज्ञा म्हनली, "मामी, ही आळिंबी स्वतः काही तयार करत नाही. जे जवळ असेल, ते तिच्या अंगाला लागतं."

सुमननं हात झटकले आन् माझ्याकडं न बगताच म्हनली, "एवढ्यासाठी पुन्याला कशाला गेलीस, बाई? पंचवीस वर्षं हिथं ह्यांच्याबरुबर राहातीय, मला इचारायचं की."